मोशेच्या हातातील काठी

शास्त्रपाठ : निर्गम ३ : १–१४ व ४ : १–२०



होरेब डोंगरापाशी परमेश्वराने मोशेस हाक मारिली, तेव्हा मोशेने एकदा नव्हे, पाच वेळा सबबी सांगितल्या. पहिल्याने त्याने विचारिले की, फारोकडे जाणारा असा मी कोण? मग म्हणाला की, लोकांनी तुझे नाव विचारिले तर मी काय सांगू? मग म्हणाला की, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. चौथ्या वेळेस आपली जीभ जड आहे असे त्याने पुढे केले. आणि पाचव्या वेळेस, जेव्हा सांगण्यासारखे कारणच उरले नाही, तेव्हा दुसऱ्या कोणास तरी पाठव, अशी त्याने सरळ विनवणी केली. हा मनुष्य मिसरच्या राजवाड्यात वाढलेला होता, हे आपण विसरू नये. परंतु त्यानंतर चाळीस वर्षे मिद्यान देशात सासऱ्याची मेंढरे राखण्यात गेली होती आणि वय ऐंशीचे झाले होते. जे काही शिकलो ते आता वाया गेले, आपल्याकडून कोणास काही मिळण्यासारखे राहिले नाही, अशी त्याची ठाम समजूत होऊन बसली होती.

आज हा शास्त्रभाग आम्ही घेतला त्यास कारण आहे. वर्धा जिल्ह्यातील व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांत आता शिकलेली मुले व मुली आहेत. ज्यांच्या आजोबांस स्वतःची सही करिता येत नव्हती, त्यांची नातवंडे पदवी घेऊन घरी बसली आहेत. कोणी गणितात हुशार आहे, कोणी इंग्रजी चांगले वाचिते, कोणी शिवणकाम शिकून आली आहे. सरकारी नोकरीची जाहिरात निघेल म्हणून वाट पाहण्यात तीन तीन, चार चार वर्षे निघून जातात. आणि त्याच गावात सातवी-आठवीची अशी मुले असतात की ज्यांस भागाकार येत नाही, ज्यांचे आईबाप सकाळी कापसाच्या शेतात जातात ते दिवस मावळल्यावर घरी येतात, व ज्यांच्या वह्या पाहणारे घरात कोणी नसते. एका बाजूस शिकविणारे हात रिकामे आहेत, दुसऱ्या बाजूस शिकणारे डोळे वाट पाहत आहेत. मग आपल्या ओसरीवर शिकवणीचा वर्ग का काढीत नाही, असे त्या तरुणांस विचारिले की उत्तर मिळते ते बहुतेक मोशेचेच. मी कोण? माझ्याकडे कोण येईल? लोक विश्वास ठेवतील काय? मला चार माणसांत बोलता येत नाही. आणि शेवटी, अमक्याने काढावा, तो माझ्यापेक्षा हुशार आहे.

ह्या उत्तरांस आळस म्हणून झिडकारून टाकणे सोपे आहे. पुष्कळ वडीलधारी मंडळी तसेच करितात, आणि आमच्या मते ते चुकतात. आळशी मनुष्यास रात्री झोप लागते. ह्या मुलांस लागत नाही.

आता परमेश्वराने मोशेस काय उत्तर दिले ते नीट पाहा. तू मोठा शहाणा आहेस, तू राजवाड्यात वाढलास, तुझ्यासारखा दुसरा कोणी नाही, असे त्याने एका शब्दानेही म्हटले नाही. आजकाल पुष्कळ लोक धीर देतात तो असा देतात की, आरशापुढे उभे राहा आणि मी समर्थ आहे, मी समर्थ आहे, असे म्हणत जा. पवित्र शास्त्रात ह्या रीतीचा कोठे पत्ता नाही. मी कोण, ह्या प्रश्नास देवाने मोशेविषयीचे उत्तर दिलेच नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच आश्वासन दिले. मोशेचा प्रश्न स्वतःविषयी होता आणि उत्तर देवाविषयी आले. ज्या मनुष्याची दृष्टी स्वतःच्याच अंगावर खिळली आहे, त्यास त्याच्या गुणांची यादी वाचून दाखविली तर ती दृष्टी तेथेच अधिक खिळते. देवाने ती उचलून दुसरीकडे नेली. आणि मग त्याच्या हातात काय आहे हे विचारिले. हातात मेंढपाळाची एक काठी होती.

ह्या काठीचा अर्थ समजावा म्हणून आम्ही आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलेल्या एका ख्रिस्ती मनुष्याची हकीकत सांगतो. वर्धा शहरात मगनवाडी आहे. तेथील मगन संग्रहालय कित्येक वाचकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. परंतु त्या वाडीत ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले ते जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते, हे आमच्या मंडळ्यांतून फार थोड्यांस ठाऊक असते. ही आमची उणीव आहे. परदेशांतील भक्तांची चरित्रे आम्ही पाठ करितो आणि वर्ध्याच्या रस्त्याने रोज चालत गेलेला आपला बंधू आम्हांस माहीत नसतो.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते विलायतेस जाऊन हिशेबतपासनीस झाले आणि परत येऊन मुंबईत त्यांनी तो धंदा केला. पुढे ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी राज्याच्या जमाखर्चाचे शास्त्र अभ्यासिले. कोणत्या करांनी व कोणत्या खर्चाने हिंदुस्थान गरीब होत गेला, हा त्यांच्या निबंधाचा विषय होता. तो निबंध घेऊन १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमती आश्रमात महात्मा गांधींस भेटले. गांधींनी तो वाचिला होता. खेड्यांची खरी स्थिती प्रत्यक्ष जाऊन मोजावी, आणि त्यासाठी गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याची पाहणी करावी, असे त्यांनी कुमारप्पांस सुचविले.

आता मोशेची जड जीभ आठवा. कुमारप्पांस गुजराती येत नव्हते. शेतकऱ्याच्या दारात उभे राहून, तुझे कर्ज किती, बैल किती, घरात धान्य किती महिन्यांचे, हे विचारावयाचे, आणि भाषाच येत नाही! ही अडचण त्यांनी बोलून दाखविली, आणि ती खोटी नव्हती. परंतु अडचण खरी असली म्हणून काम थांबले नाही. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांच्या साहाय्यास देण्यात आले. भाषा विद्यार्थ्यांची आणि मोजण्याची विद्या कुमारप्पांची, अशी जोड होऊन ती पाहणी पार पडली. मोशेच्या गोष्टीत जसा अहरोन, तसेच हे झाले. देवाने मोशेची जीभ हलकी केली असे शास्त्र म्हणत नाही. बोलणारा भाऊ सोबत दिला, असे म्हणते.

दुसरी गोष्ट ह्याहून बोधक आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधींनी त्यांस 'यंग इंडिया' पत्रासाठी लेख लिहावयास सांगितले. कुमारप्पा संकोचले. आपण वह्यांतील आकडे तपासणारा मनुष्य, लेखक नव्हे, असे त्यांनी कळविले. त्यावर गांधींचा जबाब असा होता की, पत्राचा संपादक मी आहे, तेव्हा कोण लिहिण्यास योग्य आणि कोण नाही हे ठरविणे माझे काम आहे. कुमारप्पा लिहू लागले. पुढे संपादनाचा भारही त्यांच्यावर आला आणि त्या लेखांपायी तुरुंगवासही आला.

प्रियजनहो, ह्या जबाबापाशी थोडे थांबा. आपण योग्य आहो की नाही, ह्या खटल्यात आपणच आरोपी, आपणच वकील आणि आपणच न्यायाधीश होऊन बसतो. दिवसरात्र खटला चालतो व निकाल नेहमी आपल्याविरुद्ध लागतो. मग हीच नम्रता आहे, अशी मनाची समजूत घालून घेतो. परंतु ज्याने काम दिले त्याचा न्यायासनावरील अधिकार आपण हिरावून घेतला, ह्यात नम्रता कोठे आली? पाचव्या सबबीस देव मोशेवर रागावला असे शास्त्रात लिहिले आहे. पहिल्या चार वेळा तो रागावला नाही. मी कोण, असे विचारणाऱ्यास त्याने शांतपणे उत्तर दिले. मला सोडून कोणासही पाठव, असे म्हणणाऱ्यावर मात्र तो रागावला.

आता काठीकडे येऊ. हिशेब ठेवणे हे कुमारप्पांस मोठे कर्तृत्व वाटत नव्हते. तो त्यांचा पोटाचा धंदा होता, जशी मोशेची काठी ही मेंढरे हाकण्याची काठी होती. परंतु देवाने वापरिली ती तीच. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. साहाय्यासाठी देशभरातून पैसा लोटला, आणि जेथे पैसा लोटतो तेथे गळतीही लागते. त्या निधीचे हिशेब पाहण्यास कुमारप्पा गेले. सेवकांच्या रोजच्या जेवणाचा खर्च त्यांनी थोड्या आण्यांत बांधून टाकिला. गांधी आपल्या माणसांसह तेथे आले तेव्हा त्यांच्या मंडळींचा खर्चही भूकंपग्रस्तांच्या पैशांवर पडू नये, असे त्यांनी गांधींसच स्पष्ट सांगितले. ज्यांना ते गुरूसमान मानीत त्यांच्यापुढे हे बोलावयाचे म्हणजे सामान्य धैर्य नव्हे. हे धैर्य त्यांच्या अंगी वहीने आणिले. ज्याची वही स्वच्छ असते त्यास मोठ्या माणसांचे भय वाटत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस होऊन वर्ध्यास आले. जमनालाल बजाजांनी आपली बाग संघास दिली. गांधींचे पुतणे मगनलाल १९२८ साली वारले होते, त्यांच्या नावावरून ती मगनवाडी झाली. तेथे खेड्यांतील सेवकांस शिकविण्यासाठी विद्यालय निघाले. बैलाची तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या, साबण असे तेथील विषय. तेलघाणी हा काही कोलंबिया विद्यापीठात शिकविला जाणारा विषय नव्हे. घाणीतल्या लाटेचे व उखळाचे ज्ञान तेल्याजवळ होते आणि तिच्या खर्चाचे व उत्पन्नाचे ज्ञान कुमारप्पांजवळ. तेल्याकडून शिकण्यात ज्यास कमीपणा वाटला असता, त्यास दुसऱ्यास शिकविता आले नसते. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले ते ह्याच कामातून. आणि हे सर्व करीत असता त्यांनी आपला ख्रिस्ती विश्वास झाकून ठेविला नाही, की तो कोणाच्या गळी उतरविण्यासाठी घाणीच्या आड लपूनही बसले नाहीत. येशूच्या शिकवणीवर व तिच्या आचरणावर त्यांनी तुरुंगात लिहिलेले पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे काही काळ ते आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील सेलडोह येथे आश्रम करून राहिले आणि ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासेस त्यांचे देहावसान झाले. त्यांची सर्वच मते आमच्या वाचकांस पटतील असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काळच्या काही बिशपांसही ती पटली नव्हती. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, जो मनुष्य स्वतःस केवळ आकडेमोड्या समजत होता, त्याच्या आकड्यांतूनच गावोगावच्या सेवकांची शाळा उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, कुमारप्पा सेवा करीत होते. आम्हांस तर शिकवणी काढून चार पैसे मिळवावयाचे आहेत. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्याने विद्येचा धंदा करावा काय? ही शंका आमच्या तरुणांस आतून कुरतडते, आणि काही उपदेशक बंधूही तीत भर घालतात, म्हणून तिचा विचार करणे प्राप्त आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय वाचा. करिंथ नगरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे तंबू करण्याचा धंदा करीत असे, आणि पौलाचाही तोच धंदा असल्यामुळे तो त्यांच्या घरी राहून काम करू लागला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा मोठा विद्वान वक्ता आला. त्याच्या ज्ञानात काही उणे आहे असे ह्या तंबूवाल्या जोडप्याच्या ध्यानात आले. आम्ही कापड शिवणारे, हा शास्त्री, ह्यास आम्ही काय सांगणार, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. भर सभेत त्याचा पाणउताराही त्यांनी केला नाही. त्यास आपल्याजवळ घेऊन त्यांनी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढच्याच अध्यायात पौल तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वादसंवाद करीत असे, असे लिहिले आहे. सुवार्ता केवळ देवळातूनच पसरली असे नाही. कारखान्यातून, घरातून आणि शिकवणीच्या जागेतूनही ती गेली. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, असे प्रभूने स्वतः म्हटले. पौलाने करिंथात मजुरी घेतली नाही, परंतु ती घेण्याचा हक्क आहे हे त्याने पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हट्टाने सिद्ध केले, आणि मगच तो हक्क सोडिला.

तेव्हा फी घ्यावी. ती उघड सांगावी, सर्वांस सारखी सांगावी आणि वहीत लिहावी. ज्याच्या घरी देण्यास नाही त्याच्याकडून घेऊ नये, व ती माफी चारचौघांत बोलून दाखवू नये. आपल्या भागातील माणसास एक गोष्ट सांगावयास नको. कापूस हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या बाजारात जाईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पैसे मागणारी रीत शहरच्या पगारदाराची आहे, ती येथे चालवू म्हटले तर मुलेच यावयाची बंद होतील. आणि शाळेत नोकरीस असलेल्या शिक्षकांनी हा उद्योग करू नये. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने त्यांस खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. जे घरी बसून आहेत त्यांच्याविषयीच आम्ही बोलत आहो.

आता उलट बाजू. स्वतःविषयीची प्रत्येक शंका सैतानाचीच असते, असेही नाही. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दिला आहे. ज्यास अपूर्णांक येत नाहीत त्याने, देव माझ्याबरोबर आहे, असे म्हणून अपूर्णांक शिकवावयास बसणे हा विश्वास नव्हे. ती मुलांची फसवणूक आहे. मग चांगली शंका कोणती आणि वाईट कोणती? आमच्या पाहण्यात एक खूण आली आहे. चांगली शंका मनुष्यास पुस्तकाकडे नेते. मला हे येत नाही, असे तीस ठाऊक असते व ते 'हे' काय आहे ते तीस बोट ठेवून दाखविता येते. मग एका महिन्यात ते शिकता येते. वाईट शंकेस असे बोट ठेविता येत नाही. माझ्याच्याने होणार नाही, एवढेच ती म्हणते. काय होणार नाही, असे विचारिले की गप्प राहते, आणि मनुष्यास पुस्तकाकडे न नेता खाटेकडे नेते. ज्या तरुणास ही शंका छळीत असेल त्याने एक कागद घ्यावा व त्यावर आपणास येत नसलेल्या गोष्टी एकेक लिहाव्या. दहा-बारा ओळींपुढे कागद जात नाही असे बहुधा आढळेल. इतके दिवस छातीवर जो डोंगर होता, तो ह्या दहा-बारा ओळींचा!

परंतु आमच्या लोकांच्या मनात आणखी एक शंका आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस दबक्या आवाजात बोलावयाचे नाही. ती त्यांच्या मनात उपजलेली नाही. ती दुसऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या कानात ओतली आहे. तुमच्या हातचे पाणी चालत नाही, तुम्ही काय शिकविणार, तुमच्या ओसरीवर आमची मुले कशी येतील, हे शब्द ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकिले, त्यांस पदवी मिळाली तरी ते शब्द पदवीच्या कागदाखाली तसेच राहतात. गाव आता तसा उरला नसेल, किंवा थोडासा उरलाही असेल. परंतु मन तसेच असते. दारावर पाटी लावावयास हात उचलला की तो आपोआप खाली येतो.

१८४८ साली पुण्यात भिडे ह्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढिली तेव्हा सावित्रीबाईंचे वय सतरा वर्षांचे होते. अक्षरे त्या लग्नानंतर आपल्या पतीपाशी शिकल्या, आणि पती पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकीत. म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत, आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून शिकवावयास उभ्या राहत. त्यांच्या मनात भय नव्हते असे आम्ही कशास म्हणावे? लोक निंदा करावयाचे थांबतील आणि मग मी जाईन, असे त्यांनी म्हटले नाही, हे उघड आहे. शेण पडणार हे धरूनच त्या घरून निघत आणि त्याची तजवीज पिशवीत घेऊन निघत. आमच्या भगिनींनी हे दुसरे लुगडे लक्षात ठेवावे. पहिल्या महिन्यात दोनच मुले येतील. त्यांतले एक सोडून जाईल. कोणी म्हणेल की हे बाटवावयास बसले आहेत. ह्याची तजवीज आधीच करून ठेवावी, आणि ह्या शेवटच्या आरोपाची तजवीज म्हणजे उघडे दार. मुलांचे आईबाप केव्हाही येऊन बसू शकतील अशा जागी शिकवावे, गणिताच्या वेळी गणितच शिकवावे. कोणी आपण होऊन आपल्या विश्वासाविषयी विचारिले तर लाजू नये. न विचारिता लेकरांच्या अजाणपणाचा फायदा घेऊ नये. मगनवाडीतील घाणीस दार होते ते उघडेच होते.

आरंभ लहान करावा. पाटी रंगविण्यापूर्वी, भाड्याची खोली पाहण्यापूर्वी, बाके घेण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी, शेजारची तीन मुले चटईवर बसवावी. कर्जाविषयी आम्ही मुद्दाम सांगतो. स्वतःविषयी शंका असणारा मनुष्य ती शंका झाकण्यासाठी पुष्कळदा मोठा डौल उभा करितो आणि मग हप्त्यांखाली दबून जातो. मोशेजवळ एक काठी होती तेव्हा देवाने त्यास तलवार विकत आणावयास पाठविले नाही.

मंडळीतील उपदेशक व पाळक बंधूंस आमची एक विनंती आहे. ज्या तरुणास आपण रविवारी व्यासपीठावरून धीर देता, त्याच्या ओसरीवर सोमवारी जाऊन बसा. मोशेस अहरोन मिळाला तो केवळ उपदेश करावयास नव्हे. तो त्याच्याबरोबर चालत फारोच्या दारापर्यंत गेला. ज्यास बोलता येत नाही त्याच्यासाठी पालकांच्या घरी जाऊन आपण बोला. ज्यास हिशेब ठेविता येत नाही त्यास मंडळीच्या खजिनदाराकडून वही कशी आखावी ते शिकवा. उपासनेची खोली आठवड्याचे सहा दिवस कुलपात असते, ती संध्याकाळी दोन तास उघडता येत असेल तर पंचांपुढे विषय काढा. आणि वर्ग चालला नाही, तीन महिन्यांत बंद पडला, तर त्या मुलाच्या घरी आधी जाणारे आपण असा. गाव त्यास काय म्हणेल ते आपणांस ठाऊक आहे.

मोशे अखेर निघाला. सासरा इथ्रो ह्याची त्याने परवानगी घेतली, बायको व मुले गाढवावर बसविली, आणि ती काठी हातात धरून तो मिसराच्या वाटेस लागला. वाचणाऱ्यास वाटते, आता ह्याची शंका फिटली. परंतु दोनच अध्याय पुढे उलटून पाहा. फारोने ऐकिले नाही, लोकांवरचे ओझे वाढले, लोक त्याच्यावरच उलटले, आणि मोशे पुन्हा परमेश्वरासमोर उभा राहून तेच म्हणतो की, माझे ओठ जड आहेत, फारो माझे कसे ऐकेल? एकदा नव्हे, त्याच सहाव्या अध्यायात दोनदा म्हणतो. देवाने त्यास ह्या वेळी परत फिरविले नाही आणि रागेही भरला नाही. अहरोनास बरोबर घे आणि फारोकडे जा, असे सांगितले. सातव्या अध्यायाच्या आरंभी ते दोघे भाऊ राजवाड्याच्या वाटेवर आहेत, एक ऐंशी वर्षांचा आणि दुसरा त्र्याऐंशीचा.